परीक्षकाची दाढ

"इंजिन बंद पडलं!" नवरा एकदम ओरडला.

डॉक्टरीणबाईंच्या हातातला चहाचा कप जराही हलला नाही. "वेग सांभाळला, नाक खाली घेतलं, वाऱ्याची दिशा बघितली, डावीकडचं मोकळं शेत निवडलं, इंधनाची कळ तपासली, रेडिओवर कळवलं," त्या एका दमात म्हणाल्या. "आणि ओरडू नका हो. शेजारचे धावत येतील."

"उद्या परीक्षक ओरडणारच आहेत. सवय असावी म्हणून ओरडतोय."

"ओरडू देत. मी विमान उडवणार आहे, त्यांचं गाणं ऐकायला जात नाहीये."

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. इतकी वर्षं त्या लोकांना "दुखणार नाही" हे अशा ठाम आवाजात सांगत आल्या होत्या की दुखलंच तर पेशंटला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्या गावाबाहेरच्या विमान क्लबवर सहज म्हणून गेल्या आणि संध्याकाळी घरी येऊन "मी विमान शिकणार आहे," असं सांगून भाजी चिरायला बसल्या. घरात चर्चा वगैरे झाली नाही. तेव्हापासूनचे सगळे रविवार क्लबवर गेले. एकटीनं उडायला त्या केव्हाच शिकल्या होत्या, पण शेजारी माणूस बसवायचा तर लायसन्स हवं होतं. आणि त्यांना शेजारी नवऱ्याला बसवायचं होतं. नदीच्या वळणावरून त्याला आपल्या घराची गच्ची दाखवायची, एवढी एकच हौस होती. नवरा गणिताचा मास्तर होता. गच्ची दिसली की उंची आणि कोनावरून तिचं क्षेत्रफळ काढून दाखवीन, असं त्यानं कबूल केलं होतं.

परीक्षा उद्यावर आली होती. लेखी पेपर त्या मागेच पास झाल्या होत्या, पण त्या निकालाची मुदत परवा संपत होती. उद्या काम फत्ते झालं नाही, तर हवामान, नियम, नकाशे, सगळं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून. डॉक्टरीणबाईंना त्याचीही भीती वाटत नव्हती. पास व्हायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं. फक्त परीक्षकांना ते अजून सांगितलेलं नव्हतं, इतकंच.

परीक्षकांना क्लबवर सगळे तोफसाहेब म्हणत. अर्थात त्यांच्या पाठीमागे. आयुष्यभर विमानं उडवलेला हा दांडगा म्हातारा उमेदवाराच्या शेजारी बसून अचानक इंजिनाचा दांडा मागे ओढून ते बंद पडल्यासारखं करायचा आणि कानाशी असा काही गरजायचा की भल्याभल्यांना डावं-उजवं आठवायचं नाही.

चहा संपतोय तोच फोन वाजला. क्लबवरच्या शिक्षकाचा होता. हा तिशीतला मुलगा अतिशय हुशार, पण जन्मतःच काळजीत पडलेला.

"मॅडम, वजनाचा तक्ता झाला का?"

"झाला. एक रकाना राहिलाय. साहेबांचं वजन. आत्ता फोन करून विचारतेच त्यांना."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "नका! मॅडम, हात जोडतो, तेवढं विचारू नका. मागे एका मुलानं विचारलं होतं."

"मग?"

"तो आता गोल्फ खेळतो."

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. विमान दोन माणसांचं, खेळण्यापेक्षा थोडं मोठं. दोघांचं वजन कळल्याशिवाय त्यात इंधन किती भरायचं हे ठरत नाही. जास्त भरावं तर विमानाला ओझं होणार, कमी भरावं तर अर्ध्या वाटेवरून परत यावं लागणार. म्हणजे रकाना भरायलाच हवा होता, आणि विचारायची तर सोय नव्हती.

नवऱ्यानं मग पूर्वीच्या उमेदवारांना फोन लावले. एकानं ऐंशी लिहिलं होतं, दुसऱ्यानं पंच्याण्णव. तिसरा म्हणाला, मी घाबरून सत्तर लिहिलं. तिघेही नापास झाले होते.

"हा माणूस आहे की भरती-ओहोटी?" नवरा म्हणाला. "सरासरी काढून देऊ का?"

"विमानात सरासरी बसत नाही हो, माणूस बसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून दवाखान्यात गेल्या. काहीतरी मार्ग निघेल याची त्यांना खात्री होती. त्यांना नेहमीच असायची.

दुपारी मदतनीस बाई आत आल्या. "मॅडम, बाहेर एक आजोबा आलेत. वेळ घेतलेली नाही. गाल धरून बसलेत, पण आत या म्हटलं की म्हणतात, मी इथेच बरा आहे."

डॉक्टरीणबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं आणि पटकन मास्क वर ओढला. पांढऱ्या मिश्या, कडक इस्त्रीचा शर्ट, दारातून तिरकं होऊन आत यावं लागेल असा देह. क्लबवर विमानं ठेवतात त्या हँगरसमोर हाच देह एकदा दोन माणसांना एकाच वेळी झापताना त्यांनी लांबून पाहिला होता. साक्षात तोफसाहेब! टोपी, चष्मा आणि मास्कमध्ये आपलं नाकसुद्धा दिसत नाही हे डॉक्टरीणबाईंनी आरशात बघून घेतलं आणि त्यांना आत बोलावलं.

"काय करता आपण?" त्यांनी खुर्ची मागे झुकवत विचारलं.

"काही नाही. निवृत्त. घरीच असतो," तोफसाहेब छताकडे बघत म्हणाले. "झाडांना पाणी घालतो."

आवाज अगदी मऊ होता. तोफसाहेबांनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. नजर पुन्हा पुन्हा ट्रेमधल्या हत्यारांकडे जात होती आणि तिथून घाईनं परत येत होती.

डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं. डावीकडची, खालची, शेवटची दाढ. पार कामातून गेलेली. काढायला तर हवीच होती, पण आजच असं काही नव्हतं. गोळ्यांवर चार दिवस सहज निघाले असते. दुसरा कोणताही दिवस असता तर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या असत्या आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं असतं. पण सकाळपासून तो रिकामा रकाना त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"वजन किती आपलं?" पत्ता विचारावा इतक्या सहज त्यांनी विचारलं.

खुर्ची करकरली. "दाताचा आणि वजनाचा काय संबंध?"

"भुलीच्या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो."

"इंजेक्शन?"

"दाढ काढायची तर इंजेक्शन द्यायला नको?"

"काढायची?" तोफसाहेबांचा आवाज चिरकला.

इथे डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की वजन विचारलं म्हणजे इंजेक्शन आलं, इंजेक्शन म्हटलं म्हणजे दाढ काढणं आलं. आता मागे फिरावं तर वजन कशाला विचारलं याचं उत्तर काय द्यायचं? आणि शेवटी दाढ काढायचीच होती की. "दुखणार नाही," त्या म्हणाल्या.

तोफसाहेबांनी डोळे मिटले. "या बाईंना जरा बाहेर पाठवता का?"

"त्या नाही ऐकणार."

"मी नाही ऐकणार," मदतनीस बाई म्हणाल्या.

"चौऱ्याण्णव," तोफसाहेब पुटपुटले.

मास्कच्या आत डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. मग त्यांनी ती दाढ काढली, आणि कशी काढली म्हणून सांगावं! आधी हिरडीवर बधिर करायचं मलम लावलं. ते भिनायला भरपूर वेळ दिला. इंजेक्शन इतकं सावकाश दिलं की संपलं कधी ते तोफसाहेबांना कळलं नाही. दर थोड्या वेळानं "ठीक आहे ना? थांबू का?" असं विचारलं. एरवी त्या हा प्रश्न एकदाच विचारत आणि उत्तराची वाट बघत नसत. मदतनीस बाई तोंडात बोट घालायच्या बाकी राहिल्या होत्या. शेवटी दोन सुबक टाके घालून डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा दाबून धरायला दिला, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "उद्या शक्यतो बोलायचं नाही. टाके पुढच्या मंगळवारी काढू."

तोफसाहेब जिवंत बाहेर पडल्याच्या आनंदात दोनदा नमस्कार करून गेले.

संध्याकाळी घरी आल्या आल्या डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिगत सांगितली. फक्त आकडा सांगितला नाही. "पेशंटची खासगी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. मग नवऱ्यासमोरच तक्त्यात 'अंदाजे ९४' असं लिहून त्यांनी इंधनाचा हिशोब पुरा केला. नवऱ्यानं सभ्यपणे तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"आता शेवटची उजळणी," असं म्हणून त्यानं नियमांचं पुस्तक मधूनच कुठेतरी उघडलं. "धावपट्टीवर आधी कोणाला उतरू द्यायचं?"

"जो खाली आहे त्याला. पण त्याचा फायदा घेऊन घुसायचं नाही. पुढचा."

"भूल देऊन दाढ काढली असेल तर वैमानिकानं किती काळ विमानात बसू नये?"

"दोन दिवस. भुलीचा अंमल राहतो, वर हवेचा दाब कमी असतो, जखम वाहू शकते. पुढचा."

"शाब्बास! कार्बुरेटरमध्ये बर्फ साचला हे कसं ओळखशील?"

उत्तर आलं नाही.

"अगं, कार्बुरेटर. हे तर तुला झोपेत येतं."

डॉक्टरीणबाई भिंतीकडे बघत होत्या. नवऱ्यानं पुस्तकात पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं, आणि मग त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक त्यानं अगदी हळू मिटलं.

"म्हणजे वजन मिळालं," तो म्हणाला, "आणि माणूस गेला."

डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब शिक्षकाला फोन लावला. "एक छोटीशी अडचण आहे," त्यांनी सुरुवात केली. शिक्षकानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही परीक्षकाचीच दाढ काढलीत?"

"दुसरा परीक्षक मिळेल का?"

"महिनाभर तरी नाही. तुमची मुदत परवा संपते." मग त्याला थोडा धीर आला. "पण एक वाट आहे. परीक्षा एकदा सुरू होऊन काही रास्त कारणानं थांबली, तर मुदत शाबूत राहते. तोंडी परीक्षा तर बसल्या जागी होते. ती द्यायची. उडायची वेळ आली की थांबायचं."

"मग प्रश्नच मिटला!"

"नाही मॅडम. उमेदवारानं नाही म्हटलं आणि कारण रास्त ठरलं नाही, तर सरळ नापास. आणि रास्त की नाही हे कोण ठरवतं माहितीये? तोफसाहेब." तो घुटमळला. "त्यापेक्षा... काही बोलूच नका ना. त्यांना आठवलं नाही तर? छोटंसं उड्डाण. काय होणार आहे?"

"शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडातून वर गेल्यावर रक्त यायला लागलं तर मी काय करू? धावपट्टी शोधू की कापूस?" डॉक्टरीणबाईंनी फटकारलं. "माझ्या पेशंटला मी असं नेणार नाही." पण फोन ठेवल्यावर त्यांनी वजनाचा तक्ता पुन्हा एकदा उघडून पाहिला. लायसन्स त्यांना फार हवं होतं. इतकं काहीच त्यांना बऱ्याच वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी तोफसाहेबांना फोन केला. डॉक्टर म्हणून. दाढ काढलेल्या प्रत्येक पेशंटला त्या संध्याकाळी फोन करतच असत. पंचाईत एवढीच होती की हा पेशंट झाडांना पाणी घालणारा निवृत्त गृहस्थ होता. विमानाचा विषय डॉक्टरनं काढायचा तरी कसा?

"रक्त थांबलं ना? उद्या काय बेत?"

"काही नाही. झाडं," तोफसाहेब बोळ्याआडून म्हणाले.

"छान. फक्त दोन दिवस उंचावर जायचं नाही हं."

पलीकडून सावध प्रश्न आला. "उंचावर म्हणजे? जिना चालेल?"

"चालेल."

"दहावा मजला?"

"दहाव्या मजल्यावर झाडं आहेत का?"

"मित्र राहतो."

"लिफ्टनं जा."

"आणि समजा... तो मित्र एखाद्या डोंगरावर राहत असेल तर?"

"तर मित्राला खाली बोलवा."

"तो खाली येणाऱ्यातला नाही हो."

"मग तीन दिवसांनी भेटा. मित्र कुठे पळून जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि समाधानानं फोन ठेवला. "झालं काम. त्यांना बरोबर कळलंय. उद्या तेच म्हणतील, आज उडायला नको."

"आणि नाही म्हणाले तर?"

"अहो, एवढा अनुभवी माणूस. म्हणतील."

सकाळी क्लबच्या खोलीत डॉक्टरीणबाई पांढरा शर्ट घालून, केस बांधून, मास्कशिवाय बसल्या होत्या. तोफसाहेब आले ते गळ्यापासून गालापर्यंत मफलर गुंडाळून. डावा गाल चांगलाच वर आला होता. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाला करावी तशी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनीही तशीच हलवली. शिक्षक दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. चौकट नसती तर तो पडला असता.

तोफसाहेबांनी मफलरकडे बोट दाखवलं, घसा धरला आणि हात हलवला. घसा बसलाय, असा त्याचा अर्थ.

"काळजी घ्या सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अशी तोंडी परीक्षा त्या क्लबनं पूर्वी पाहिली नव्हती. परीक्षक बोट दाखवत होते आणि उमेदवार बोलत होती. त्यांनी नकाशावर एका रेषेवर बोट ठेवलं की डॉक्टरीणबाई तिथल्या हवाई हद्दीचे सगळे नियम सांगत. खिडकीतून ढग दाखवला की ढगाची जात, उंची आणि त्याच्यापासून किती लांब राहायचं ते सांगत. एकदा तोफसाहेबांनी सवयीनं टेबलावर मूठ आपटली आणि गरजायला तोंड उघडलं, पण टाक्यांनी आठवण करून दिली. तोफ जागच्या जागी थंडावली. डॉक्टरीणबाईंनी तोवर इंजिन बंद पडल्यावर काय करायचं ते सांगून टाकलं होतं.

मग वजनाचा तक्ता आला. तोफसाहेबांचं बोट 'अंदाजे ९४' वर थांबलं. बराच वेळ थांबलं. शिक्षकानं डोळे मिटून घेतले. तोफसाहेबांनी पेन काढलं, चौऱ्याण्णव खोडून अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि तक्ता पुढे सरकवला. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे इंधनाचा हिशोब बदलून दिला. तोफसाहेबांनी मान हलवली आणि तोंडी परीक्षेपुढे बरोबरची खूण केली.

आता ते सांगतील, आज उडायचं नाही, असं म्हणून डॉक्टरीणबाई हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहिल्या. तोफसाहेब उठले, टोपी घातली आणि बाहेर उभ्या असलेल्या विमानाकडे बोट दाखवलं.

उड्डाणापूर्वीची तपासणी इतकी सावकाश कोणी केली नसेल. डॉक्टरीणबाईंनी चाकं पाहिली, पंख पाहिले, तेल पाहिलं, मग चाकं पुन्हा पाहिली. मनात एकच घोकत होत्या, म्हणा हो, तुम्हीच म्हणा. तोफसाहेबांनी घड्याळावर बोट आपटलं आणि एक पाय विमानाच्या पायरीवर ठेवला.

"सर, उतरा खाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हँगरपाशी उभ्या असलेल्या शिक्षकानं डोक्याला हात लावला.

तोफसाहेबांनी स्वच्छ आकाश दाखवलं. मग इंजिन दाखवलं. मग दोन्ही हात पसरले, अडचण कसली आहे?

"हवा उत्तम आहे. विमान उत्तम आहे. शेजारचा माणूस उडायच्या लायक नाही. परीक्षेत विमानाची प्रमुख मी असते ना? मग प्रमुख म्हणून सांगते, तुम्हाला घेऊन मी वर जाणार नाही. तुमची दाढ काढलेली आहे."

"कसली दाढ?" तोफसाहेब मफलरमधून गुरगुरले. हे विचारताना सुजलेला गाल मफलरच्या बाहेर आला होता.

"डावीकडची. खालची. शेवटची." डॉक्टरीणबाईंनी खिशातून मास्क काढून तोंडाला लावला. "मीच काढली."

तोफसाहेबांनी पाय खाली घेतला आणि गळ्यातला मफलर सोडला. "तो मास्क काढा हो," ते जड जिभेनं म्हणाले. "मला माहीत आहे. दवाखान्याच्या पाटीवर तुमचं नाव वाचूनच आत आलो होतो मी."

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला.

"दातांच्या डॉक्टरला मी लहानपणापासून घाबरतो," तोफसाहेब इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले. "दोन महिने दाढ घेऊन फिरत होतो. मग यादीत तुमचं नाव दिसलं. दातांची डॉक्टर, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे परीक्षा! म्हटलं, याहून हलका हात आपल्याला या जन्मात मिळायचा नाही. आणि खरंच सांगतो, इतकं जपून मला आमच्या घरातसुद्धा कोणी वागवत नाही."

"मग फोनवर तो डोंगर?"

"तुम्ही उंचावर म्हणालात तेव्हा नियम आठवला. इतकी वर्षं हा प्रश्न मी पोरांना विचारतो, आणि स्वतःच विसरलो. आता कागदावर काय लिहू? परीक्षक घाबरट आहे आणि विसरभोळाही?" त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता. "म्हटलं, जाऊन येऊ पटकन. कोणाला कळतंय."

"मला कळतंय ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सर, खरं सांगायचं तर तुमची दाढ चार दिवस थांबली असती. मला वजन हवं होतं म्हणून मी घाई केली."

"वजन? मग सरळ विचारायचं की!"

"विचारलं की गोल्फ खेळावं लागतं म्हणे."

"तो होय? त्यानं कुठे विचारलं होतं? त्याला विमानात उलट्या व्हायच्या म्हणून त्यानं सोडलं! मी नापास करतो ते अंदाज ठोकणाऱ्यांना. वजन अंदाजानं लिहून विमान उडवायचं असतं का? सरळ विचारणारा अजून एकही भेटला नाही मला."

"मी विचारलं."

"डॉक्टर म्हणून विचारलंत. पण विचारलंत, म्हणून सोडलं."

"आणि तुम्ही चार किलो चोरलेत."

"डॉक्टरला खरं कोण सांगतं?" तोफसाहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी परीक्षेचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यात कारणाची एक ओळ रिकामी होती. "सर, तुम्ही इथे कारण लिहिलं नाही तर मी नापास. माझे दोन वर्षांचे रविवार आहेत यात. मला माझ्या नवऱ्याला शेजारी बसवून न्यायचंय. तुमची लाज आणि माझं लायसन्स, यातलं एकच आज वाचणार आहे."

तोफसाहेबांनी कागद विमानाच्या पंखावर ठेवला. थोडा वेळ पेन हवेतच राहिलं. मग त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'परीक्षकाची दाढ काढलेली असल्याने उमेदवाराने उड्डाण नाकारले. निर्णय योग्य.' खाली सही केली. नुसतं प्रकृतीचं कारण लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण एकदा लिहायला घेतल्यावर त्यांना अर्धवट लिहिता आलं नसावं.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, आता आपल्याला रडू येणार. म्हणून त्यांनी घाईघाईनं फोन काढून तारखा बघायला सुरुवात केली.

"उड्डाण पुढच्या आठवड्यात घेऊ," तोफसाहेब म्हणाले. मग जरा खाकरले. "टाकेही पुढच्याच आठवड्यात ना? असं करू. सोमवारी टाके. मंगळवारी परीक्षा."

परीक्षेच्या आत टाके उरकायचे हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, हे सांगायला कोणी जाणकार नको होता.

"सोमवारी जागा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग मंगळवारी सकाळी सकाळी टाके, आणि तिथून दोघं थेट इकडे."

"नाही सर. मंगळवारी सकाळी परीक्षा." डॉक्टरीणबाईंनी फोनमध्ये टिपून ठेवलं आणि वर बघून अतिशय गोड हसल्या. "टाके दुपारी."

तोफसाहेबांनी जीभ गालात फिरवून टाके चाचपले. "समजा, त्या दिवशी तुमच्या उतरण्यात काही कमीजास्त झालं..."

"तर करा की नापास. नियम म्हणजे नियम. दुपारी या मात्र नक्की."

मफलर गुंडाळत तोफसाहेब हँगरपाशी गेले. शिक्षक अजून डोक्याला हात लावूनच उभा होता.

"मंगळवारच्या हवेकडे लक्ष ठेव," ते त्याला म्हणाले. "सकाळी वारा नको. आडवा वारा तर अजिबात नको. असेल तर मला आधी सांग."

शिक्षक बघतच राहिला. हा माणूस वादळाची शक्यता असली की मुद्दाम उमेदवारांना बोलावून घेणारा. "मॅडमसाठी विचारताय का सर?"

"माझ्यासाठी," तोफसाहेब म्हणाले.